क्रॉसफ्लोसाठी आखलेल्या चासीत एमएक्स-५ चं इंजिन: आधी काय कापायचं, काय नाही

प्रश्न लांब आहे, म्हणून त्याचा गाभा आधी मांडतो. तुम्ही इंग्लंडात लेस्टरला घरच्या गॅरेजमध्ये लोकॉस्ट (घरी बांधायची स्वस्त गाडी) पद्धतीची चासी जुन्या ड्रॉइंगवरून उभी केली आहे. ते ड्रॉइंग फोर्ड एस्कॉर्टचं क्रॉसफ्लो इंजिन आणि त्याचा सडपातळ गिअरबॉक्स धरून काढलेलं. इंजिन मात्र मिळालं माझदा एमएक्स-५ चं. पहिल्या पिढीतली १.८ लिटरची गाडी, सिल (दाराखालची पट्टी) गंजून एमओटीत, म्हणजे ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत, नापास झालेली. त्यामुळे इंजिन, पाच गिअरांचा बॉक्स आणि डिफरन्शियल एकाच गाडीचं हाती आलं. आता इंजिन लटकवून पाहिलं तर ऑइल चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) खालच्या आडव्या पाइपला टेकतो, बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं घर) टनेलच्या, म्हणजे गिअरबॉक्स राहतो त्या मधल्या बोगद्याच्या, तोंडात शिरत नाही, हेडच्या मागचं कॉइल बल्कहेडला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीला) लागतं आणि डावीकडचा तिरपा पाइप एक्झॉस्टच्या आड येतो. तुम्ही विचारता की आडवा आणि तिरपा पाइप कापून टाकू का, फाउंडेशनचे (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांचे) ब्रॅकेट बाजूच्या रेलवर जागा मिळेल तिथे वेल्ड केले तर चालेल का, आणि एमएक्स-५ ची ती लांब अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम ठेवू की काढू.

ग्राइंडर खाली ठेवा. तुम्ही सांगितलेल्या चार अडचणींपैकी दोन चासीला हात न लावता सुटतात. तिसरीत एका पाइपाची फक्त दिशा उलटवायची. चौथीत कापायचं आहे, पण जेवढं निघेल तेवढं दुसऱ्या वाटेने परत घालूनच.

ही चासी उभी कशावर राहते ते आधी पाहू. कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली, १९७३ पासून केटरहॅमने तीच पुढे चालवली, आणि तिच्याच धर्तीवर घरी बांधायची स्वस्त गाडी म्हणजे लोकॉस्ट. २५ मिमीचा चौकोनी पाइप, १.६ मिमी जाडीचा पत्रा, साधं माइल्ड स्टील. या पाइपाच्या छेदाचं क्षेत्रफळ निघतं जेमतेम १५० चौरस मिमी. ओढलात किंवा लांबीच्या दिशेने दाबलात, तर सुमारे ३० हजार न्यूटन, म्हणजे ३ टन झेपल्यावरच तो कायमचा ताणला जाईल. तोच पाइप मधोमध धरून आडवा वाकवला की गोष्ट पार बदलते. दोन सांध्यांमध्ये ४०० मिमी अंतर असलेल्या पाइपच्या मध्यावर १ हजार न्यूटन, म्हणजे साधारण १०० किलोचा भार आडवा टाका: धातूतला ताण होतो ९१ मेगापास्कल. खड्डा, क्लचचा झटका असं धरून तिप्पट करा, २७० च्या वर जातं आणि साधं माइल्ड स्टील तिथे नमतं. टोकं वेल्ड केलेली असल्याने प्रत्यक्षात थोडा दिलासा मिळतो, पण ब्रॅकेट रेलपासून ७०-८० मिमी पुढे आलेला असतो आणि तो पाइपाला पीळही देतो. दिलासा तिथे संपतो. हेच ३ हजार न्यूटन सांध्यावर, पाइपाच्या लांबीच्या दिशेने उतरले तर ताण फक्त २० मेगापास्कल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. रेलवर जागा मिळेल तिथे फाउंडेशन, असं या चासीत चालत नाही. जिथे तीन-चार पाइप येऊन मिळतात तिथेच ब्रॅकेट बसला पाहिजे. तिथे पोहोचत नसेल तर ब्रॅकेटपासून जवळच्या सांध्यापर्यंत एक आखूड तिरपा पाइप घाला. फाउंडेशनवर किती जोर येतो तेही काढून ठेवतो: या इंजिनाचा टॉर्क १५० न्यूटन-मीटरच्या आसपास, पहिला गिअर ३.१३६. गुणाकार ४७०. दोन फाउंडेशनांत ४५० मिमी अंतर धरलं तर एकीला वर उचलणारा आणि दुसरीला खाली दाबणारा जोर प्रत्येकी हजारभर न्यूटन. वरचं उदाहरण मी हवेतून काढलेलं नव्हतं.

आता इंजिन कुठे बसवायचं. बहुतेक जण होइस्टवर इंजिन लटकवून खाली सोडतात आणि जिथे अडेल तिथे खूण करतात. त्यातून फक्त काय आडवं येतं ते कळतं. इंजिनाची जागा कळत नाही. चासी सपाट फरशीवर घ्या, चारी कोपऱ्यांखाली ठोकळे देऊन ती गाडी चालू स्थितीत जितकी उंच राहणार तितकी उचला आणि पाणसळीने जुळवा. पुढचं आणि मागचं सस्पेन्शन चासीला जिथे बसतं त्या पिकअपांवरून ओळंबे सोडून फरशीवर मध्यरेषा मारा. मग रिकामा ब्लॉक, हेड आणि गिअरबॉक्सचं केसिंग एकत्र बोल्ट करून लाकडी ठोकळ्यांवर आणि पाचरांवर मधे उभं करा. आतला क्रँक, पिस्टन काढून ठेवले तर दोन माणसांना हलवता येतं. ते तसंच काही दिवस राहू द्या. स्टिअरिंगचा कॉलम, पेडल बॉक्स, रेडिएटर, बॉनेट सगळं त्याच्याभोवती धरून पाहा. एका गोष्टीसाठी जागा केली की दुसरी अडते, हे तेव्हाच कळतं.

क्रँकची रेषा मध्यरेषेवर हवीच असं नाही. इथल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत इंजिन डावीकडे सरकवायचा फायदा दुहेरी: एकटा चालक बसला की वजन थोडं जुळतं, आणि पेडलांच्या बाजूला पाय ठेवायला जागा होते. तुम्ही २५ मिमी म्हणताय. मी १५ वर थांबेन. कारण प्रोपेलर शाफ्ट. तुमच्या मापांवरून तो साधारण ५५० मिमीचा होईल; २५ मिमी सरकवलं तर वरून पाहता २.६ अंशांचा कोन पडतो. बाजूने पाहता आधीच २ अंश आहेत. दोन्ही मिळून ३.३. एवढ्या आखूड शाफ्टला मी ३ च्या आतच ठेवतो. १५ मिमी सरकवलं की १.६ आणि २ मिळून अडीच अंश, छान बसतं. गिअरबॉक्सचं मागचं टोक आणि डिफरन्शियलची फ्लँज एकमेकींना समांतर हव्यात, अर्ध्या-एक अंशाच्या आत, वरूनही आणि बाजूनेही. आणि कोन शून्यही करू नका. शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटमधला क्रॉस अजिबात हलला नाही तर त्याच्या सुया एकाच जागी घासत राहतात आणि कपात खड्डे पडतात.

चेंबरकडे येऊ. इंजिन तीन-चार सेंटिमीटर खाली जायला हवं आणि मधे आडवा पाइप. हा पाइप दोन्ही बाजूंच्या खालच्या रेल एकमेकींपासून फाकू देत नाही. पुढच्या विशबोनचा (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या हाताचा) जोर थेट त्याच्यावर येतो. हा कापायचा नाही. चेंबर कापा. चेंबर बिघडला तर दुसरा मिळतो.

तुमच्या चेंबरचा खोल भाग साधारण २०० बाय १८० मिमीचा असेल असं धरू. त्यातले ४० मिमी कापले तर १.४ लिटर तेलाची जागा गेली, आणि या इंजिनात तेलच असतं पावणेचार लिटरच्या आसपास. म्हणून गेलेली जागा बाजूंना पंख काढून परत मिळवायची. पंख फाउंडेशनच्या आणि स्टिअरिंग रॅकच्या आड येणार नाहीत असे. आत आडव्या पट्ट्या आणि शक्य असेल तर एका बाजूनेच उघडणारी झडप घाला. ही गाडी वळणावर मूळ गाडीपेक्षा जोरात वळते आणि तेल पंपाकडे ओढणाऱ्या पिकअपच्या नळीपासून दूर पळतं. पत्र्याचा चेंबर घरी मिग वेल्डिंगने होतो, गळतो का ते तपासायला वेळ द्यावा लागतो इतकंच. ढाळलेला अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर टिग वेल्डिंगवाल्याकडे द्या, आणि तेल पूर्ण निघेपर्यंत धुऊन द्या. मुरलेलं तेल वेल्डच्या टाक्यात बुडबुडे करतं. दोन्ही प्रकारांत वेल्डिंगच्या वेळी चेंबर जुन्या ब्लॉकला किंवा जाड पट्टीला बोल्टने आवळून ठेवा, नाहीतर फ्लँज केळ्यासारखी वाकते.

पिकअपची नळी आखूड करायला विसरू नका. जाळी आणि तळ यांच्यात साधारण ८ मिमी जागा हवी. ही मोजायची कशी, तर तळाला प्लास्टिसिनचा गोळा ठेवायचा, चेंबर गॅस्केटसकट बोल्टने आवळायचा, परत उघडायचा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी कॅलिपरने घ्यायची. डिपस्टिकवरच्या खुणा आता खोट्या आहेत. मोजून तेल ओतत जा आणि नव्या मारा.

एवढं करूनही चेंबर खालच्या रेलच्या २०-२५ मिमी खाली आला तर चालतो, पण जमिनीपासून १०० मिमीपेक्षा बरीच जास्त उंची राहू द्या. ब्रिटनमध्ये रस्त्यावरचे स्पीड हंप १०० मिमीपर्यंत उंच असू शकतात, आणि दोन माणसं बसली की गाडी खाली बसते.

कॉइलची अडचण सर्वांत सोपी. या इंजिनात कॉइल पॅक हेडच्या मागे टांगलेला असतो, कारण मूळ गाडीत तिथे जागा होती. तो काढून टनेलच्या बाजूला किंवा बल्कहेडवर बसवा, वायर लांबवा. कॅमचा सेन्सर मात्र तिथून हलत नाही. टायमिंग जुळवताना तो हाताने फिरवावा लागतो, म्हणून त्याच्या मागे नुसती सुटका पुरत नाही, बोटं आणि १२ चा पाना जाईल एवढी जागा हवी. त्याची ओ-रिंग जुनी झाली की तेल बेलहाउसिंगवर गळतं आणि लोक क्रँकची सील गेली म्हणून गिअरबॉक्स उतरवतात. इंजिन बाहेर आहे तोवर बदलून टाका.

मागच्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्ही लिहिलेली नाही. हे इंजिन मुळात माझदाच्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांसाठी केलेलं, आणि तिथे पाणी हेडच्या मागच्या टोकाने बाहेर पडायचं. एमएक्स-५ साठी उभं बसवताना थर्मोस्टॅट पुढे आणला गेला आणि मागच्या तोंडाला फक्त हीटर राहिला. हीटर असेपर्यंत त्या वाटेने थोडं पाणी फिरतं. तुम्ही हीटर घालणार नाही म्हणता. मग ते तोंड बूच मारून बंद करू नका, चौथ्या सिलिंडरभोवतीचं पाणी अडून राहील. एक तर मागून पंपाकडे साधा होज फिरवा, नाहीतर थर्मोस्टॅटच मागे न्या आणि पाणी मागूनच रेडिएटरकडे काढा. दुसरा उपाय जास्त चांगला, पण त्याला हेड आणि बल्कहेड यांच्यात आणखी जागा लागते. म्हणून हे आत्ताच ठरवा, फाउंडेशनचे ब्रॅकेट कापण्याआधी. बल्कहेडच्या पत्र्यात खोबण केली तर हरकत नाही, तो पत्रा गाडीचं वजन पेलत नाही. त्याच्या वरचा आणि खालचा पाइप पेलतो, त्यांना हात नाही.

डावीकडचा तिरपा पाइप. इथे तुम्हाला चांगली बातमी: त्याची दिशा उलटवा. चौकटीचा एक कर्ण काढून दुसरा घातला तरी त्रिकोण तयार होतातच; आधी जो पाइप ताणला जात होता तो आता दाबला जाईल, एवढाच फरक. दाबाखाली वाकेल का? ७०० मिमी लांबीच्या या पाइपाला वाकवायला साडेपाच टन लागतात, आणि त्याआधी ३ टनांवर धातूच नमेल. म्हणजे ती चिंता सोडा. दिशा उलटवल्यावर एक्झॉस्टच्या चार नळ्यांना पुढच्या त्रिकोणातून बाहेर पडायला जागा मिळते की नाही ते पुठ्ठ्याच्या नळकांड्यांनी पाहून घ्या. नसेल मिळत तर मॅनिफोल्ड वाकडातिकडा करून घ्या, पाइप तसाच ठेवा. नळी आणि पाइप यांच्यात किमान २० मिमी सोडा, कारण इंजिन रबरावर डुलतं.

हा पाइप काढताना आधी नवा घाला, मग जुना काढा. शक्य नसेल तर चौकट जागच्या जागी धरणारा तात्पुरता पाइप टॅक मारून बसवा. वेल्ड केलेल्या चासीत ताण साठलेला असतो. पाइप कापला की खाच २-३ मिमीने उघडते किंवा मिटते आणि मग पुढचे पिकअप पुन्हा जुळत नाहीत. कापताना सांध्याला लागून, जुना टाका पूर्ण घासून काढा. पाइपाच्या मध्यावर जोड देऊ नका. अगदीच द्यावा लागला तर आत दाट बसणारा पाइपाचा तुकडा सरकवा, जोड तिरपा घ्या आणि बाहेरून दोन भोकं पाडून आतल्या तुकड्यालाही टाके द्या. टाके एका सांध्यावर सलग न मारता कोपऱ्या-कोपऱ्याने, समोरासमोर मारत जा.

बेलहाउसिंगसाठी मात्र टनेल कापायचा आहे, दुसरा मार्ग नाही. टनेलचं तोंड प्रवाशाच्या बाजूला रुंद करा. चालकाच्या बाजूला तीन पेडलं आणि रुंद बूट, तिथे एक सेंटिमीटरही देऊ नका. टनेलचा डावा उभा पाइप आणि त्याला मिळणारा खालचा पाइप बाहेर सरकतील. दोन्हींची दुसरी टोकं पूर्वीच्याच सांध्यात जाऊन मिळतील असं पाहा. तोंड मोठं झालं की चौकट लुळी पडते, म्हणून कोपऱ्यांत २.५ मिमी पत्र्याचे गसेट (त्रिकोणी ठिगळं) घाला आणि टनेलच्या वर बोल्टने बसणारी पट्टी द्या, गिअरबॉक्स उतरवताना काढता येईल अशी. बोल्ट २५ च्या पाइपातून आरपार घालणार असाल तर आत स्लीव्ह हवीच. नुसता आवळलात तर पाइपाच्या भिंती चेपतात आणि महिन्याभरात बोल्ट सैल. मात्र १२ च्या बोल्टसाठी १८-२० ची स्लीव्ह घालायला एवढंच मोठं भोक पाडलं तर २५ च्या पाइपात उरतं काय? अशा ठिकाणी पाइपाला भोक न पाडता ३ मिमी प्लेटचा यू आकाराचा ब्रॅकेट त्याला वेल्ड करा आणि बोल्ट त्यात घाला.

आता त्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमबद्दल. मला या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं आणि तुम्ही ते शेवटी एका ओळीत टाकलं आहे. माझदाने एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफरन्शियलचं नाक एका लांब कडक फ्रेमने जोडलं. त्यामुळे गिअरबॉक्सला मागचं स्वतंत्र फाउंडेशन नाही, आणि डिफरन्शियलला पुढचं नाही. डिफरन्शियल मागे दोन हातांवर रबरात टांगलेलं असतं, नाक त्या फ्रेमवर. फ्रेम काढलीत की दोन्ही गोष्टी अधांतरी होतात.

ठेवायची म्हटली तर लोकॉस्टच्या अरुंद टनेलमध्ये ती बसत नाही, टनेल रुंद करावा लागतो आणि सीट बाहेर ढकलल्या जातात. शिवाय गिअरबॉक्स ते डिफरन्शियल अंतर मूळ गाडीएवढंच ठेवावं लागतं. मूळ गाडीचा पूर्ण सांगाडा वापरणारी किट असेल तर फ्रेम ठेवणं शहाणपणाचं. तुमच्या चासीत ती काढा. पण काढल्यावर पुढचं काम पूर्ण करा.

गिअरबॉक्सच्या शेपटीवर फ्रेमचे बोल्ट जिथे बसायचे ती भोकं रिकामी झाली. त्यांच्याच आधाराने ६ मिमी पट्टीचा पाळणा करा, त्याखाली रबराचं फाउंडेशन, आणि ते टनेलच्या तळाच्या दोन पाइपांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर. पट्टी बोल्टने निघणारी ठेवा, नाहीतर गिअरबॉक्स काढायला प्रत्येक वेळी इंजिनही उचलावं लागेल. पाळणा तयार करताना गिअरबॉक्स पुढच्या दोन फाउंडेशनांवर बसलेला हवा; उलट क्रमाने केलं तर शेवटी बोल्ट ओढून बसवावा लागतो आणि केसिंगचे कान तडकतात.

डिफरन्शियलचं नाक जास्त गंभीर. पहिल्या गिअरमध्ये १५० गुणिले ३.१३६, आणि डिफरन्शियलचा ४.१, म्हणजे अ‍ॅक्सलवर १,९३० न्यूटन-मीटर. चाकं पुढे फिरतात तेव्हा डिफरन्शियलचं घर तेवढ्याच जोराने उलट फिरू पाहतं आणि नाक वर उठतं. मागच्या बुशांपासून नाकाचा बोल्ट ३५० मिमीवर असेल तर नाकावर ५,५०० न्यूटन, म्हणजे ५६० किलो. इतक्या हलक्या गाडीचे टायर त्याआधीच घसरून फिरतील हे खरं. पण क्लच एकदम सोडल्यावरचा झटका टायरची वाट पाहत नाही, म्हणून हा आकडा मी कमी करत नाही. पाइपांची जोडी नाकापासून वर टनेलच्या वरच्या सांध्यांकडे आणि खाली तळाच्या सांध्यांकडे, बाजूने पाहता त्रिकोण होईल अशी घ्या. बुश पॉलियुरेथेनची चालते. मागे रबर आणि पुढे लोखंडाला लोखंड असं करू नका. सगळा झटका तो एकच बोल्ट खाईल.

इंजिनाच्या फाउंडेशनसाठी इथले घरी गाडी बांधणारे जुन्या लँड रोव्हरची गोल रबरं सर्रास वापरतात. स्वस्त आणि कुठेही मिळतात. ब्रॅकेट असा करा की रबर फाटलं तरी इंजिन वर उचललं जाणार नाही, म्हणजे धातूचा एक कान दुसऱ्यात अडकलेला राहील.

चासी कमकुवत झाली की नाही हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. मागच्या सस्पेन्शनचे पिकअप जमिनीशी घट्ट बांधा. पुढे मध्यरेषेखाली एक टेकू द्या, पुढच्या पिकअपांना आडवी तुळई बोल्ट करा आणि मध्यापासून १ मीटरवर ५० किलोची वजनं लटकवा. झाला ४९० न्यूटन-मीटरचा पीळ. दोन्ही पिकअपांवर डायल गेज लावा. ते ६०० मिमी अंतरावर असतील आणि दोहोंच्या वाचनात ४ मिमी फरक पडला, तर चासी ०.३८ अंश पिळली. अंशाला १,२८० न्यूटन-मीटरच्या आसपास. हा आकडा दुसऱ्या कोणाच्या गाडीशी ताडू नका, मांडणीनुसार तो बदलतो. आज, कापण्याआधी एकदा घ्या आणि काम झाल्यावर त्याच मांडणीत पुन्हा घ्या. नवा आकडा जुन्यापेक्षा कमी यायला नको. आला तर इंजिनाच्या वरून, दोन बाजूंच्या वरच्या रेल जोडणारा, बोल्टने निघणारा व्ही आकाराचा पाइप घाला. या चासीत इंजिनाची जागा वरून उघडी असते आणि पीळ सगळा तिथेच पडतो, त्यामुळे या एका पाइपाने बराच फरक पडतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडी रस्त्यावर आणण्याआधी डीव्हीएसए या ब्रिटनच्या सरकारी संस्थेची आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मंजुरी देणारी, तपासणी होईल. इंजिन कोणत्या वर्षाचं हे दाखवणारा कागद नसेल तर धुराची तपासणी कडक लागू शकते, तेव्हा मूळ गाडीचं लॉगबुक (नोंदणीचा कागद) आणि चासी नंबरचे फोटो सांभाळा. गाडीचं वय सिद्ध झालं नाही तर डीव्हीएलए (गाड्यांची नोंदणी करणारी संस्था) क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर देते. सगळे भाग एकाच गाडीचे आहेत ही तुमची जमेची बाजू. स्टिअरिंगचा कॉलम धक्क्याने मिटणारा हवा आणि इंजिनाला वळसा घालताना त्याच्या जॉइंटांचे कोन ३० अंशांच्या आत ठेवा. बाहेरून स्पर्श होणाऱ्या कडांना किमान २.५ मिमीची गोलाई लागते. बॉनेटमधून एक्झॉस्ट किंवा फिल्टर बाहेर येणार असेल तर त्या भोकाच्या कडाही त्यात येतात.

पुण्या-कोल्हापूरकडून हे वाचणाऱ्यांसाठी: तिकडे हे रस्त्यासाठी करायच्या फंदात पडू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, कंपनीच्या मूळ मापांपासून गाडी बदलता येत नाही; आणि संपूर्ण नवी गाडी म्हणजे केंद्रीय नियम १२६ खाली एआरएआयसारख्या संस्थेची नमुना-तपासणी, ती एकट्या माणसाच्या आवाक्यातली नव्हे. कॉलेजच्या मुलांच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेतल्या गाडीला मात्र यातलं सांध्यांचं गणित जसंच्या तसं लागू आहे. तिथे केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन बरेच संघ घेतात. त्यात फाउंडेशनवर मोठा जोर येतो तो साखळीचा, म्हणून इंजिनाचा मागचा बोल्ट आणि मागच्या स्प्रॉकेटचं बेअरिंग यांना थेट जोडणारा पाइप आधी घाला, बाकीची चासी त्यानंतर आखा.

रंग देण्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडून होइस्टने एकदा पूर्ण आत घाला आणि एकदा पूर्ण बाहेर काढा. शेपटी टनेलमध्ये शिरवताना इंजिन बरंच तिरकं करावं लागतं आणि पुढची वरची रेल हमखास आड येते. तसं झालं तर ती रेल बोल्टची करायची की नाही हे तेव्हाच ठरवा. इंजिन आत असताना स्टार्टरचे बोल्ट, क्लचच्या स्लेव्हचा ब्लीड निपल आणि ऑइल फिल्टर यांच्यापर्यंत हात पोहोचतो का पाहा. या इंजिनाचा फिल्टर उजवीकडे इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला असतो, आणि तुमचा स्टिअरिंग कॉलमही त्याच बाजूने जाणार. फिल्टर फिरवून काढल्यावर तो कॉलम आणि रेल यांच्यामधून बाहेर पडायला हवा, तेल भरलेला, तोंड वर ठेवून. पडत नसेल तर ब्लॉकवर प्लेट लावून फिल्टर होजने पुढे रेडिएटरजवळ न्या, आणि त्याचा ब्रॅकेटही रंगाच्या आधीच वेल्ड करून घ्या.